भूमिगत गद्याची स्वाक्षरी : अरुणा आसफ अली यांच्या स्मरणाने

एखाद्या व्यक्तीचे सार्वजनिक स्मरण एकाच चित्रात स्थिरावले, की त्या चित्राबाहेर उरलेले तिचे कर्तृत्व हळूहळू दिसेनासे होते. अरुणा आसफ अली यांच्या बाबतीत असेच घडले आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी, काँग्रेसचे श्रेष्ठ नेते पहाटेच अटकेत गेलेले असताना, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर तिरंगा फडकविणारी तेहेतीस वर्षांची स्त्री, हे ते चित्र होय. पाठ्यपुस्तकांनी ते उचलले आणि दर ऑगस्टमधील समारंभांनी ते दृढ केले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये मरणोत्तर 'भारतरत्न' आणि १९९८ मध्ये टपाल तिकीट असे यथोचित गौरव त्यांच्या वाट्याला आले. दक्षिण दिल्लीतील एक मोठा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. या सगळ्या स्मरणात एका गोष्टीला जागा मिळालेली नाही. ती म्हणजे त्यांची लेखणी. ध्वज फडकविण्याचे कृत्य काही मिनिटांचे होते. त्यानंतर जवळजवळ साडेतीन वर्षे त्या भूमिगत राहिल्या आणि त्या काळात राममनोहर लोहिया यांच्यासह 'इन्किलाब' या काँग्रेसच्या मासिकाचे संपादन त्यांनी केले. पत्रकार म्हणून त्यांचे स्मरण करायचे असेल, तर ते ध्वजापाशी थांबून भागणार नाही.

मात्र पत्रकाराचे स्मरण म्हणजे त्याचे वाचन, असे एकदा मानले की भूमिगत पत्रकाराच्या बाबतीत समीक्षकाची अडचण सुरू होते. ज्या लेखनाखाली नाव नसते, ज्याच्या प्रती वाचून नष्ट कराव्यात अशीच अपेक्षा असते, जे लेखन बहुधा एकाने योजिलेले, दुसऱ्याने लिहिलेले आणि तिसऱ्याने छापताना बदललेले असते, त्याचे वाचन कोणत्या पद्धतीने करावयाचे? आपली समीक्षा लेखक, कलाकृती आणि रसिक या तीन पायांवर उभी आहे. येथे लेखक लपलेला, कृती विखुरलेली आणि रसिक स्वतःच आरोपी होण्याच्या भीतीत. असे असूनही हे गद्य हजारो लोकांनी वाचले, त्यासाठी तुरुंगवास पत्करला आणि त्याच्यावर विश्वास ठेवून कृती केली. हा विश्वास त्या गद्याने कसा संपादन केला आणि त्या विश्वासाला ते कितपत पात्र राहिले, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचे आहेत.

प्रथम त्या गद्याची परिस्थिती पाहू. ८ ऑगस्ट १९४२ रोजी भारत संरक्षण नियमांखाली सरकारने जो आदेश काढला, त्यान्वये काँग्रेसने पुरस्कारलेल्या जनआंदोलनाविषयीची वस्तुस्थितिदर्शक बातमी देण्यावरच बंधन आले. सरकारी सूत्रांकडून आलेली, मान्य वृत्तसंस्थांनी पाठविलेली किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे नाव नोंदविलेल्या वार्ताहराने दिलेली बातमीच काय ती छापता येणार होती. या आदेशाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्यापूर्वीच्या अर्धशतकात राजद्रोहाचे खटले मुख्यतः मतांवर झाले होते. १९४२ चा आदेश थेट घटनेवर होता. काय घडले हेच सांगावयाचे नाही, मग त्यावर काय वाटते हा प्रश्न दूरच. 'हरिजन' बंद पडले ते १९४६ पर्यंत. लखनौचे 'नॅशनल हेरल्ड' १९४५ पर्यंत निघू शकले नाही. दिल्लीच्या 'हिंदुस्थान टाइम्स'ने सेन्सॉरशिपच्या वादात काही महिने प्रकाशन थांबविले. बातमीच नाहीशी झाल्यामुळे जी पोकळी निर्माण झाली, तिच्यातून भूमिगत पत्रके, सायक्लोस्टाइलवर काढलेली बुलेटिने आणि उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी चालविलेले 'काँग्रेस रेडिओ'चे केंद्र जन्माला आले. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर बोलणारे हे केंद्र मुंबईतच जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबरला गिरगावातील पारेखवाडीत पोलिसांच्या हाती लागले.

या माध्यमांचे पहिले कार्य वृत्तदानाचे होते, प्रचाराचे नव्हे, हे विदर्भातील चिमूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जमाव व पोलीस यांचा संघर्ष झाला. त्यानंतर गावावर लष्कर व पोलीस यांनी जे अत्याचार केले, विशेषतः स्त्रियांवर, त्याची बातमी वृत्तपत्रांना मोकळेपणाने देता येईना. ती 'काँग्रेस रेडिओ'वरून सांगितली गेली. प्रा. भणसाळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी सुरू केलेले उपोषण त्रेसष्ट दिवस चालले. त्या उपोषणाची बातमीही दडपण्यात आली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील वृत्तपत्रांनी हरताळ पाळला. प्रकट वृत्तपत्रे आणि भूमिगत पत्रके ही परस्परविरोधी जगे होती असे आपण मानतो. चिमूरच्या प्रकरणात ती एकाच बातमीच्या दोन बाजूंना उभी असलेली दिसतात. जे भूमिगतांनी आधी सांगितले, ते सांगण्याचा हक्क मिळावा म्हणून प्रकट वृत्तपत्रांनी नंतर संघर्ष केला.

आता मराठी वाचकाच्या दृष्टीने एक तुलना आवश्यक ठरते. सत्तेच्या दडपणाखाली लिहिण्याच्या दोन रीती मराठी पत्रसृष्टीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केल्या होत्या. पहिली टिळकांची. 'केसरी'तील अग्रलेखाखाली नाव नसे. परंतु १९०८ च्या खटल्यात ते लेख प्रत्यक्ष कोणाच्या लेखणीतून उतरले हा प्रश्न टिळकांनी उद्भवूच दिला नाही. संपादक या नात्याने सर्व शब्दांचे दायित्व त्यांनी स्वतःकडे घेतले आणि सहा वर्षांची शिक्षा भोगली. येथे शब्दामागे देह उभा आहे. वाक्याची विश्वसनीयता लेखकाच्या शिक्षेने सिद्ध होते. दुसरी रीत शिवराम महादेव परांजपे यांची. १८९८ मध्ये सुरू झालेल्या 'काळ' पत्रात त्यांनी व्याजोक्तीचा जो विलास केला, त्यात उच्चारलेला अर्थ कायद्याच्या कक्षेत आणि अभिप्रेत अर्थ वाचकाच्या मनात अशी विभागणी होती. १९०८ मध्ये त्यांनाही शिक्षा झाली. तरी दहा वर्षे मराठी वाचकाला ओळींच्या मधले वाचण्याचे शिक्षण त्या पत्राने दिले.

१९४२ च्या भूमिगत गद्याला या दोन्ही रीती बंद होत्या. टिळकांप्रमाणे नाव पुढे करणे म्हणजे पहिल्याच अंकानंतर काम थांबविणे. परांजप्यांप्रमाणे वक्रोक्ती योजणे निरर्थक, कारण जे पत्रक जवळ सापडणे हाच गुन्हा, त्यात अर्थ लपवून काय मिळणार? वक्रोक्ती ही मुळात प्रकट राहू इच्छिणाऱ्या शब्दाची युक्ती आहे. भूमिगत शब्दाने स्वतःलाच लपविले आणि अर्थ उघडा ठेवला. म्हणून या गद्यात अलंकरण कमी, वाक्ये आखूड आणि क्रियापदे आज्ञार्थी असतात. त्याचा दुसरा विशेष असा की विश्वासाचा आधार नावाकडून तपशिलाकडे सरकतो. कोणी सांगितले हे कळत नसल्यामुळे कोठे, कधी, किती हे सांगावेच लागते. आणि ज्या गावाविषयी सांगितले जाते त्या गावचा वाचक ते ताडून पाहू शकतो. तिसरा विशेष वाचकाच्या भूमिकेत आहे. पत्रक वाचून पुढे देणारा, त्याची प्रत हाताने उतरवून घेणारा मनुष्य वाचक राहत नाही. तो प्रकाशक होतो. एका अर्थी छापखान्याच्या आधीची, पोथी उतरवून घेण्याची परंपराच येथे निकडीच्या रूपात परत आलेली दिसते.

साने गुरुजींचे उदाहरण येथे बोलके आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना त्यांनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले होते. पुढे 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले. बेचाळीसमध्ये ते भूमिगत झाले, पत्रके लिहीत व कार्यकर्त्यांत वावरत राहिले, आणि एप्रिल १९४३ मध्ये मुंबईत पकडले गेले. ज्याने मूठभर मुलांसाठी रोज हाताने वृत्तपत्र लिहिले, त्याला मुद्रणाची साधने हिरावली गेल्याने लेखन थांबत नाही. मराठी साहित्येतिहासात मात्र 'श्यामची आई'चे लेखक गुरुजी आणि पत्रके लिहिणारे गुरुजी अशी फाळणी झालेली आहे. पहिल्यावर प्रबंध होतात; दुसऱ्यांचा उल्लेख चरित्रात येतो.

या पार्श्वभूमीवर अरुणा आसफ अली यांच्याकडे वळू. कालका येथे १६ जुलै १९०९ रोजी एका बंगाली ब्राह्मो कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण लाहोर व नैनिताल येथील मिशनरी संस्थांत झाले. काही काळ त्यांनी कलकत्त्याच्या गोखले मेमोरियल शाळेत शिकविले. दिल्लीचे वकील व काँग्रेसचे नेते आसफ अली यांच्याशी १९२८ मध्ये झालेला त्यांचा विवाह धर्म आणि वय ही दोन्ही अंतरे ओलांडणारा होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आसफ अली यांची रवानगी कार्यकारिणीच्या इतर सदस्यांबरोबर अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. आणि अरुणा ज्यांच्या बरोबरीने भूमिगत चळवळ चालवीत होत्या ते अच्युतराव पटवर्धन हे त्याच अहमदनगरचे. सातारच्या प्रतिसरकारशीही अच्युतरावांचा संबंध होता आणि ते अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. अरुणा यांना पकडून देणाऱ्यास पाच हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले; दिल्लीतील त्यांची मालमत्ता जप्त करून लिलावात विकली गेली. त्या दिल्लीत येत राहिल्या. आजारपणात करोलबागेतील डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात त्यांनी काही काळ आश्रय घेतला होता.

'इन्किलाब'च्या १९४४ च्या एका अंकातील त्यांचे आवाहन अनेक चरित्रकारांनी नोंदविले आहे. हिंसा की अहिंसा या निष्फळ चर्चेत गुंतून न पडता तरुणांनी क्रांतीत उतरावे, असा त्याचा आशय आहे. हे आवाहन समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे, कारण त्यात भूमिगत गद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी प्रकट झाल्या आहेत. सामर्थ्य असे, की १९४४ पर्यंत चळवळीचा पहिला आवेग ओसरला होता, बहुतेक केंद्रे उद्ध्वस्त झाली होती, लोहियांना मे १९४४ मध्ये अटक झाली होती. अशा वेळी संपादकाने वाचकाच्या मनातील नेमक्या अडसरावर बोट ठेवले. पुष्कळांची कृती भीतीपेक्षाही नैतिक संभ्रमाने थांबली होती आणि तो संभ्रम दूर केल्यावाचून पुढचे पाऊल पडणार नव्हते. मर्यादा अशी, की संभ्रम सोडविण्याऐवजी तो बाजूला सारला गेला. ज्या पक्षाचे हे मासिक, त्याच्या राजकारणाचा पायाच त्या प्रश्नावर उभा होता. प्रश्न निष्फळ आहे असे म्हणणे हेही एक उत्तरच असते. परंतु ते उत्तर म्हणून मांडले गेले नाही, म्हणून त्याचा प्रतिवादही त्या पानावर होऊ शकला नाही. भूमिगत पत्रात वाचकांचा पत्रव्यवहार नसतो. त्याचा संवाद एकेरी असतो, आणि हे केवळ तांत्रिक वैगुण्य नसून त्याच्या विचारपद्धतीवर परिणाम करणारे आहे.

या आवाहनाचा प्रतिवाद दुसऱ्या मार्गाने आला. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यानंतर गांधीजींनी जूनमध्ये अरुणा यांना स्वहस्ते पत्र लिहिले. त्यांच्या धैर्याविषयी आदर व्यक्त करून, देह झिजवीत लपून राहण्यापेक्षा त्यांनी प्रकट व्हावे, स्वतःच्या अटकेसाठी लावलेले बक्षीस स्वतःच मिळवावे आणि ती रक्कम हरिजनकार्यासाठी ठेवावी, असे त्यांनी सुचविले. विनोद आणि वात्सल्य यांच्या आड या पत्रात एक कठोर सिद्धान्त आहे. गुप्तता ही गांधीजींच्या दृष्टीने असत्याच्या जवळ जाणारी गोष्ट होती. जो शब्द आपले नाव सांगत नाही तो आपल्या परिणामांची जबाबदारी घेत नाही. अरुणा यांनी सल्ला मानला नाही. वॉरंट मागे घेतले गेल्यावरच, जानेवारी १९४६ मध्ये, त्या प्रकट झाल्या. परंतु ते पत्र त्यांनी आयुष्यभर जपले, आपल्या दिवाणखान्यात लावले. आपल्या निर्णयाविरुद्धचा सर्वांत तोलामोलाचा आक्षेप रोज दृष्टीसमोर ठेवणारी व्यक्ती आक्षेपाला घाबरणारी नसते, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

हा वाद तेथे संपला नाही. फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या बंडाच्या वेळी, घटनात्मक वाटाघाटींपेक्षा संघर्षाच्या मोर्च्यावर हिंदू-मुसलमानांची एकजूट करणे अधिक सोपे आहे, अशी भूमिका अरुणा यांनी जाहीरपणे मांडली. गांधीजींनी तितक्याच जाहीरपणे उत्तर दिले, की लढणारेदेखील कायम मोर्च्यावर राहत नाहीत. मोर्च्यानंतरचे जीवन घटनेच्या चौकटीतच जगावे लागते. आता दोन्ही पक्ष नावानिशी, उजेडात बोलत आहेत. १९४४ मध्ये जो प्रश्न एकाच वाक्यात निकालात काढला गेला होता, तो येथे खऱ्या अर्थाने चर्चिला गेला. पुढच्या दीड वर्षात देशाने जे पाहिले, त्याच्या प्रकाशात दोन्ही भूमिकांत तथ्य दिसते. मोर्च्यावरची एकजूट खरी होती, आणि ती मोर्च्यापुरतीच टिकली. प्रकट वादाने भूमिगत आवाहनापेक्षा विचार पुढे नेला, हे मान्य करताना त्या वादाला बसण्याइतकी जागा भूमिगतांच्या धाडसामुळेही निर्माण झाली होती, हे विसरता येत नाही.

लेखकत्वाचा प्रश्न गांधीजींनी आणखी एका संदर्भात उपस्थित केला होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारने १९४२-४३ च्या दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर ठेवणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात गुप्त पत्रकांचे उतारे पुरावा म्हणून दिलेले होते. भूमिगत केंद्र अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या नावाने पत्रके काढीत असे. ते नाव हाच सरकारच्या आरोपाचा आधार झाला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असलेल्या गांधीजींनी जुलै १९४३ मध्ये त्या पुस्तिकेला सविस्तर उत्तर दिले. जे आपण लिहिले नाही, जे तुरुंगात असलेल्या नेत्यांनी लिहिणे शक्यच नव्हते, त्याचे कर्तेपण त्यांच्यावर कसे लादता येईल, हा त्यातील एक मुख्य युक्तिवाद आहे. अनामिक गद्याचा लेखक कोण, ही समस्या वाङ्मयाच्या वर्गात निवांतपणे चर्चिली जाते. येथे तिच्या उत्तरावर हजारो लोकांची अटक आणि एका संघटनेचे चारित्र्य अवलंबून होते. आणि येथेच भूमिगत गद्याचा एक दोषही ध्यानात येतो. त्याने नाव घेतले नाही असे नाही; त्याने एका मोठ्या, बंदिस्त आणि उत्तर देऊ न शकणाऱ्या संस्थेचे नाव घेतले.

युरोपातील समकालीन भूमिगत पत्रकारांशी या लेखनाची तुलना केल्यास त्याचे वेगळेपण अधिक उठून दिसते. प्राग येथे गुप्तपणे निघणाऱ्या 'रुदे प्राव्हो'चे संपादन करणारे युलियस फुचिक १९४२ च्या एप्रिलमध्ये गेस्टापोच्या हाती लागले आणि ८ सप्टेंबर १९४३ रोजी बर्लिनमध्ये त्यांना फाशी देण्यात आले. तुरुंगात चिटोऱ्यांवर लिहिलेली आणि पहारेकऱ्याच्या मदतीने बाहेर गेलेली त्यांची टिपणे युद्धानंतर जगभर वाचली गेली. परंतु चौकशीच्या वेळचे काही नाजूक तपशील त्यातून वगळले होते. पूर्ण संहिता १९९५ मध्येच प्रसिद्ध होऊ शकली. तेथेही स्मरणाने लेखनावर कुरघोडी केली होती. मात्र फुचिक यांचा शत्रू आणि जगाचा शत्रू एकच होता. अरुणा आणि त्यांचे सहकारी ज्या सत्तेविरुद्ध लिहीत होते, ती सत्ता त्याच वेळी नाझी जर्मनी व जपान यांच्याशी लढत होती. भारतीय कम्युनिस्टांनी या युद्धाला लोकयुद्ध मानले. त्यांच्यावरील बंदी जुलै १९४२ मध्ये उठली होती आणि त्यांचे मराठी 'लोकयुद्ध' कायदेशीरपणे निघत होते. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती एकाच वेळी दोन पत्रे येऊ शकत होती. फॅसिझमविरुद्धच्या लढ्याला बाधा आणू नका म्हणणारे एक, उघडे; आणि परकीय सत्तेशी सहकार्य नको म्हणणारे दुसरे, लपलेले. दोहोंतून निवड करण्याचा नैतिक भार युरोपातील वाचकापेक्षा येथील वाचकावर अधिक गुंतागुंतीचा होता. १९४२ चे गद्य वाचताना हा भार विसरला, तर त्या काळाच्या वाचकाचा आपण अपमान करतो.

इतिहासाची गती अशी, की ज्या पक्षाने त्या चळवळीला विरोध केला होता, त्या कम्युनिस्ट पक्षातच अरुणा पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखल झाल्या आणि १९५६ मध्ये त्यातून बाहेर पडल्या. १९५८ मध्ये त्या दिल्लीच्या महापौर झाल्या. एडटाटा नारायणन यांच्यासमवेत 'लिंक' साप्ताहिक आणि १९६३ पासून 'पेट्रियट' दैनिक या उपक्रमांत त्यांचा वाटा राहिला. भूमिगत मासिकाची संपादक राजधानीतील प्रस्थापित वृत्तपत्राच्या चालकांपैकी एक झाली, यात विसंगती मानण्याचे कारण नाही. स्वतंत्र देशात पत्रकाराने उजेडात यावे हीच तर त्या लढ्याची अपेक्षा होती.

कसोटीचा क्षण १९७५ मध्ये आला. पुन्हा सेन्सॉरशिप आली, पुन्हा सायक्लोस्टाइलवरील पत्रके हातोहात फिरू लागली. बेचाळीसमधील त्यांचे सहकारी जयप्रकाश नारायण व मधु लिमये स्थानबद्ध झाले. साने गुरुजींनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या 'साधना'ने यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली या जाचाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले आणि पुढे तुरुंगवास पत्करला. अरुणा यांच्या मनात आणीबाणीविषयी आक्षेप होते. तरीही इंदिरा गांधींशी असलेला त्यांचा निकटचा संबंध तुटला नाही. हे नोंदविताना त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. परंतु पत्रकाराचे मूल्यमापन करताना बेचाळीसचा निकष पंचाहत्तरला लावावयाचा नाही, असे ठरविणे म्हणजे त्या निकषालाच शोभेची वस्तू करणे होय. बातमी सांगण्याचा हक्क परकीय सत्तेने हिरावला तर अन्याय आणि स्वकीय सत्तेने हिरावला तर अडचण, असा भेद १९४२ च्या पत्रकांत नाही. त्या पत्रकांचा वारसा त्या घडीला दुर्गाबाईंनी आणि 'साधना'ने चालविला, असे म्हणणे अरुणा यांच्या भूमिगत कार्याचा अधिक्षेप ठरत नाही. उलट, त्या कार्यातील तत्त्व व्यक्तीपेक्षा मोठे होते याची ती साक्ष आहे.

आता संहितेचा प्रश्न. हे गद्य आज कोठे आहे? ज्यांनी ते वाचले त्यांनी ते जाळले किंवा पुढे दिले. ज्यांनी ते जपले ते त्याचे शत्रू होते. जप्त केलेली पत्रके पोलिसांनी फायलींना जोडली. गृह विभागाच्या त्या फायली आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. 'काँग्रेस रेडिओ'ची प्रक्षेपणे आपल्याला आज वाचता येतात ती सरकारी यंत्रणेने ती ऐकून टिपून ठेवली म्हणून. उषा ठक्कर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नोंदींचा उपयोग केलेला आहे. ही गोष्ट गमतीची वाटली तरी पाठचिकित्सेच्या दृष्टीने गंभीर आहे. ऐकून टिपणाऱ्याने काय गाळले, भाषांतर करणाऱ्याने कोणता शब्द कठोर केला, फिर्यादीच्या सोयीचे उतारे कोणते निवडले गेले, याचा विचार केल्यावाचून ही संहिता वापरता येत नाही. संतवाङ्मयाच्या हस्तलिखितांची चिकित्सा करणाऱ्या मराठी परंपरेला हे काम परके नाही. प्रक्षेप कोणता, मूळ कोणते, एकाच्या नावावर दुसऱ्याची रचना कशी चढते, हे प्रश्न आपण शतकभर हाताळले आहेत.

या परंपरेचा उपयोग बेचाळीसच्या मराठी पत्रकांसाठी अद्याप व्हावा तसा झालेला नाही. सातारा, पुणे, मुंबई, खानदेश आणि विदर्भ येथील पत्रकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावयाची, तर प्रत्येक पत्रकाच्या प्राप्तिस्थानाची नोंद, तारखेची छाननी, पोलिसांच्या टिपणांचा समास आणि त्यातील बातमी अन्य साधनांशी ताडून पाहण्याचा प्रयत्न एवढे तरी तिच्यात असले पाहिजे. कर्तृत्व निश्चित होत नसेल तेथे उत्साहाने कोणाचे तरी नाव चिकटवू नये. अतिशयोक्ती आढळेल तेथे ती अतिशयोक्ती म्हणून नोंदवावी. तिच्यामुळे त्या पत्रकाचे महत्त्व कमी होत नाही, त्या वेळी लोकांना काय खरे वाटू शकत होते याचे ते साधन होते. जिल्हा ग्रंथालये व विद्यापीठांचे मराठी विभाग यांनी हे काम वाटून घेतल्यास ते एका पिढीच्या आवाक्यातले आहे. घरोघरच्या जुन्या पेट्यांत उरलेले कागद मात्र तितका काळ थांबतीलच असे नाही.

अरुणा आसफ अली यांचे पत्रकार म्हणून स्मरण करावयाचे ते या कामाचा एक भाग म्हणून. 'इन्किलाब'चे जे अंक व उतारे उपलब्ध होतील, ते त्यांच्यातील धैर्यासह आणि त्यांच्यातील अनुत्तरित प्रश्नासह विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत; शेजारी गांधीजींचे जून १९४४ चे पत्र आणि १९४६ चा जाहीर वादही ठेवावा. दिवाणखान्यात ते पत्र लावणाऱ्या संपादिकेला ही मांडणी अमान्य झाली नसती, असे वाटते.